कल्पना घेऊन मोठ्या दारीं



एखाद्या नव्या वस्तूची कल्पना आपल्याला सुचली, तर ती एखाद्या बड्या कंपनीस विकतां येईल काय, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून वरचेवर निघत असतो. कोणा गृहिणीला मिक्सरच्या भांड्यास अधिक सोयीचें झांकण सुचतें, कोणा कारखान्यांतल्या फोरमनला पाण्याच्या पंपाची एखादी युक्ति सांपडते, कॉलेजांत शिकणारा मुलगा प्रयोगशाळेंत जुळविलेलें कांहींतरी घरीं आणून दाखवितो. स्वतः कारखाना काढावयाचा तर भांडवल नाहीं. तेव्हां ज्यांच्याजवळ यंत्रें आहेत, दुकानें आहेत आणि जाहिरातीला पैसा आहे, त्यांच्याच दारीं जावें, असा विचार मनांत येतो. विचार वावगा नाहीं. परंतु जाणाऱ्यांपैकीं बहुतेकांची अशी समजूत असते कीं, कल्पना चांगली असली म्हणजे ती घेतली जाईल, आणि घेतली गेली नाहीं तर ती चांगली नसावी. या दोन्ही समजुती खोट्या आहेत. त्यांच्यापायीं कोणी वेळेआधींच हात टेकतो, तर कोणी भोळेपणानें सगळें सांगून मोकळा होतो.

या बाबतींत मला सर्वांत बोधप्रद वाटते ती चेस्टर कार्लसन या अमेरिकन गृहस्थाची हकीकत. आपल्या गल्लींतल्या दुकानांत जाऊन 'दोन झेरॉक्स काढून द्या' असें जें आपण म्हणतों, त्या झेरॉक्सचा मूळ शोध याचा. कार्लसन १९०६ सालीं सिअ‍ॅटल येथें जन्मला. वडील दीर्घकाळ आजारी, घरांत दारिद्र्य, त्यामुळें शाळकरी वयांतच तो कमवावयास लागला. १९३० सालीं पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तो बाहेर पडला तो थेट मंदीच्या तोंडांत. नोकरीसाठीं त्यानें ८२ कंपन्यांना अर्ज केले, व एकीनेंही त्याला जागा देऊं केली नाहीं. कांहीं खटपटींनंतर तो न्यूयॉर्क येथें विजेचें सामान करणाऱ्या एका कंपनीच्या पेटंट खात्यांत लागला. तेथें रोज त्याला नडे ती गोष्ट अगदीं साधी होती. पेटंटाच्या कागदांच्या प्रती कधीं पुरेशा नसत. पुन्हा टंकलेखन करावें तर वेळ जाई व चुका होत. बाहेर फोटो काढावयास पाठवावें तर खर्च येई. रात्रीं तो कायद्याचा अभ्यास करी, त्यासाठीं ग्रंथालयांत बसून पुस्तकांतले उतारे हातानें लिही, आणि सांध्यांच्या दुखण्यानें त्याचा हात भरून येई. 

त्यानें काढलेली युक्ति थोडक्यांत सांगतों. कांहीं पदार्थ असे आहेत कीं, अंधारांत ते विजेचा भार धरून ठेवतात व उजेड पडला कीं तो सोडून देतात. अशा पदार्थाचा लेप धातूच्या पत्र्यावर द्यावा, तो घांसून विद्युद्भारित करावा, आणि त्यावर लिखाणाची छाया पाडावी. जेथें उजेड पडेल तेथला भार जाईल. जेथें अक्षरांची सावली असेल तेथें तो राहील. मग वर बारीक भुकटी टाकली कीं ती अक्षरांवरच चिकटते, आणि कागद दाबून व ऊब देऊन ती कागदावर उतरवितां येते. २२ ऑक्टोबर १९३८ या दिवशीं क्वीन्स भागांतील अ‍ॅस्टोरिया येथें भाड्यानें घेतलेल्या एका लहानशा खोलींत, ऑटो कॉर्नाय या निर्वासित ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या मदतीनें, गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानें घांसून त्यानें पहिली नक्कल काढली. तिच्यावर त्या दिवसाची तारीख आणि त्या ठिकाणाचें नांव, एवढाच मजकूर होता.

येथपर्यंत हें शोधाचें काम झालें. आतां विकण्याचें काम सुरू होतें, आणि आपला विषय येथूनच आहे. कार्लसन पेटंट खात्यांतलाच माणूस असल्यामुळें त्यानें आधीं पेटंटाचे अर्ज दाखल केले व मगच तो दारोदार फिरूं लागला. हा क्रम ध्यानांत ठेवावा; त्याचें महत्त्व पुढें दिसेल. १९३९ पासून १९४४ पर्यंत वीसाहून अधिक कंपन्यांकडे तो गेला. त्यांत आय. बी. एम. होती, जनरल इलेक्ट्रिक होती, आर. सी. ए. होती. सर्वांनीं नकार दिला. 

आपण आज सहज म्हणूं, कीं हीं मोठीं माणसें आंधळीं होतीं. मला तसें वाटत नाहीं. त्यांच्या खुर्चींत क्षणभर बसून पाहिलें पाहिजे. समोर एक लाजाळू, हळू बोलणारा मनुष्य येऊन बसतो. पेटींतून पत्रा काढतो, रुमालानें घांसतो, दिव्याखालीं धरतो, भुकटी टाकतो, फुंकर मारतो, आणि शेवटीं मेणकागदावर पुसट अक्षरें उमटलेलीं दाखवितो. कार्लसनच्या डोळ्यांपुढें बटण दाबतांच प्रती बाहेर टाकणारें यंत्र उभें असे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें असे रुमाल आणि भुकटी! बरें, त्या कचेरींत नकलेची टंचाई आहे, असें तरी कोणाला वाटत होतें? टंकलेखिकेच्या यंत्रांत कार्बनचा कागद घातला कीं दोनचार प्रती फुकट निघत. ज्या वस्तूवांचून कोणाचें अडलेलें नाहीं तिची मागणी किती, हें हिशेबाच्या वहींत सांपडत नाहीं. प्रती सहज मिळूं लागल्या म्हणजेच लोक त्या काढूं लागतात. 

याहून आंतली एक गोष्ट आहे. मोठ्या कंपनींत 'होय' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला पैसा मागावा लागतो, माणसें मागावीं लागतात, दुसऱ्या खात्याची जागा घ्यावी लागते. आणि वस्तु फसली तर त्याचें नांव पुढें येतें. 'नाहीं' म्हणणाऱ्याचें कांहींच जात नाहीं. न केलेल्या वस्तूपासून झालेलें नुकसान कोणत्याही ताळेबंदांत दाखविलेलें नसतें. तेव्हां नकार हा पुष्कळदां कल्पनेवरील अभिप्राय नसून त्या खुर्चीच्या सोयीचा निर्णय असतो. हें ओळखलें म्हणजे नकाराचें पत्र फाडून टाकण्याची घाई होत नाहीं. नकार कोणत्या कारणाचा आहे हें आपण शांतपणें वाचूं शकतों.

कार्लसनची गांठ सुटली ती कोणा कारखानदाराकडून नव्हे. १९४४ सालीं ओहायो प्रांतांतील कोलंबस येथल्या बॅटेल या संशोधनसंस्थेचा एक शास्त्रज्ञ दुसऱ्याच कामासाठीं त्याच्या कचेरींत आला होता. बोलतां बोलतां कार्लसननें आपल्या शोधाचा विषय काढला. संस्थेनें काम अंगावर घेतलें. पुढील उत्पन्नांतील चाळीस टक्के कार्लसनचे, असा करार ठरला. संस्थेच्या प्रयोगशाळेंत गंधकाच्या जागीं सेलेनियम आलें, भुकटी सुधारली, नक्कल स्पष्ट निघूं लागली. म्हणजे कल्पनेंतल्या ज्या शंका खरेदीदाराला भिववीत होत्या, त्यांतल्या कांहीं आधींच दुसऱ्याच्या खर्चानें दूर झाल्या. 

मग पुढें आली ती हॅलॉइड. ही रॉचेस्टर गांवांतील फोटोचा कागद करणारी लहानशी कंपनी. त्याच गांवांत कोडॅकचा अवाढव्य कारखाना. त्याच्या छायेंत हॅलॉइडची वाढ खुंटलेली, आणि नव्या धंद्याच्या शोधांत तिचे चालक अगदीं आतुर झालेले. तिच्या संशोधन खात्याच्या प्रमुखानें या शोधाविषयीं मासिकांत वाचलें, आणि १९४७ च्या आरंभीं करार झाला. आपल्याकडे मोठें घर पाहून मुलगी द्यावी असें वडील मंडळी म्हणत, आणि मग मुलीला त्या घरांत कोणी विचारीत नसे. कल्पनेचेंही तसेंच आहे. ज्या घरांत तिच्यावांचून अडलें आहे तें घर लहान असलें तरी तेथें तिचें कौतुक होतें. हॅलॉइडला हा शोध हवा होता, आय. बी. एम. ला त्यावांचून कांहींच कमी पडत नव्हतें.

यावरही कडी म्हणजे, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हॅलॉइडनेंच आपलें नवें यंत्र मिळून करावें म्हणून पुन्हा आय. बी. एम. कडे बोलणें लावलें. त्या कंपनीनें नामांकित सल्लागार नेमून पाहणी करविली. अशीं यंत्रें फार तर पांच हजार खपतील, असा त्यांचा अदमास निघाला, व आय. बी. एम. नें दुसऱ्यांदा नकार दिला. १९५९ सालीं हॅलॉइड-झेरॉक्स या नांवानें तेंच यंत्र, ९१४ या क्रमांकाचें, जाहीर झालें. वजन २९० किलोंहून अधिक! एवढें धूड विकत कोण घेणार? म्हणून तें दरमहा ९५ डॉलर भाड्यानें देण्यांत येऊं लागलें, आणि त्या भाड्यांत महिन्याला दोन हजार प्रती. त्यावर प्रत्येक प्रतीला कांहीं सेंट. यंत्र बसल्यावर लोक ठरल्यापेक्षां कितीतरी अधिक प्रती काढूं लागले. सल्लागारांनीं यंत्रें मोजलीं होतीं. पैसा प्रतींत होता. 

येथें एक तपशील सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अमेरिकेंत त्या काळीं पेटंटाची मुदत तें मिळाल्यापासून सतरा वर्षें असे. कार्लसनचें मुख्य पेटंट मिळालें तें ऑक्टोबर १९४२ मध्यें. म्हणजे तें संपलें ऑक्टोबर १९५९ मध्यें. आणि ९१४ यंत्र गिऱ्हाइकांकडे प्रथम रवाना झालें मार्च १९६० मध्यें! मूळ पेटंटाचा बहुतेक काळ पायपिटींत व प्रयोगशाळेंत सरला. कंपनीला आधार झाला तो मधल्या काळांत सुधारणांवर घेतलेल्या दुसऱ्या पेटंटांचा. पेटंटाचें घड्याळ आपल्या पायपिटीसाठीं थांबत नाहीं, हें घरांतल्या शोधकानें पहिल्या दिवशींच हिशेबांत धरलें पाहिजे. 

नकार पचविण्याचा दुसरा एक मार्ग आहे, तो इंग्लंडांत रॉन हिकमन या मोटारींच्या रचनाकारानें दाखविला. लांकूड कापतांना त्यानें टेकू म्हणून घेतलेली खुर्चीच कापून ठेवली, आणि त्यावरून त्याला घडी होणारें सुताराचें बांक सुचलें. तें घेऊन तो हत्यारें करणाऱ्या कंपन्यांकडे गेला. त्यांत ब्लॅक अँड डेकर ही होती. नकार मिळाले. असें बांक शेंकड्यांनीं नव्हे, डझनांनीं खपेल, असेंही त्याला कळविण्यांत आलें. मग १९६८ पासून त्यानें तें स्वतःच थोडें थोडें करून विकलें. अखेर त्याच ब्लॅक अँड डेकर कंपनीनें त्याच्याशीं करार केला, आणि पुढें कोट्यवधि बांकें खपलीं. बांक तेंच होतें. मध्यंतरीं गिऱ्हाइकांनीं खिशांतून पैसे काढून दिले होते, एवढाच काय तो फरक!

आतां नाण्याची दुसरी बाजू. नकारानें माणूस खचतो, पण होकारासारख्या भासणाऱ्या गोडीनें तो नागवला जाऊं शकतो. मोटारीच्या काचेवरील पुसणी थांबून थांबून फिरावी, पापणी लवते तशी, ही कल्पना डेट्रॉइट येथील रॉबर्ट कर्न्स या इंजिनियरची. १९६३ च्या सुमारास त्यानें आपली मोटार फोर्ड कंपनीच्या इंजिनियरांना नेऊन दाखविली. त्यांनीं रस घेतला, प्रश्न विचारले, चांचण्या करावयास सांगितल्या. त्यानें त्या केल्या. पुढें बोलणें थांबलें. १९६९ सालीं फोर्डच्या मोटारींवर तशी पुसणी आली. कर्न्सच्या हातीं १९६७ सालीं मिळालेलें पेटंट होतें. त्यावर त्यानें १९७८ सालीं दावा लावला. कंपनीचें म्हणणें असें कीं, यांत वापरलेले सारे सुटे भाग बाजारांत मिळणारे आहेत, नवें तें काय? ज्यूरीनें १९९० सालीं ठरविलें कीं पेटंटाचा भंग झाला आहे, पण तो जाणूनबुजून केलेला नाहीं. फोर्डनें १०२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटविलें. क्रायस्लर कंपनीविरुद्धचा दावाही तो जिंकला व तेथें सुमारें तीन कोटी डॉलर मिळाले. पण मध्यें त्याची प्रकृति बिघडली, संसार मोडला, आणि उमेदीचीं वर्षें कोर्टाच्या पायऱ्यांवर गेलीं. पेटंट नसतें तर तो कोर्टांत उभाही राहूं शकला नसता, हें जितकें खरें, तितकेंच हेंही खरें कीं पेटंट म्हणजे ढाल नव्हे. भांडण्याची परवानगी आहे, आणि भांडणाचा खर्च आपला.

आपल्या देशांत कायदा काय म्हणतो? नुसत्या कल्पनेला पेटंट मिळत नाहीं. ती कशी घडवावयाची हें दाखवावें लागतें, आणि ती नवी असावी लागते. नवी म्हणजे अर्ज करण्यापूर्वीं जगांत कोठेंही प्रसिद्ध न झालेली. कांहीं ठराविक अपवाद सोडले तर आपणच ती आधीं मासिकांत छापली अथवा सभेंत सांगितली, तर आपल्याच हातानें आपण तिचें नवेपण घालवितों. १९७० च्या पेटंट कायद्याखालीं प्रथम तात्पुरतें वर्णन दाखल करतां येतें, व पूर्ण वर्णन देण्यास बारा महिन्यांची मुदत मिळते. महाराष्ट्र व गोवा येथील अर्जांसाठीं मुंबईस अँटॉप हिल येथें कचेरी आहे. पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें. हे बारा महिने कंपन्यांना भेटण्यासाठीं फार मोलाचे असतात. बहुतेक लोक ते घरांतल्या घरांत कौतुक ऐकण्यांत घालवितात. माहीत असलेल्या दोन वस्तु नुसत्या एकाजवळ एक मांडल्या आणि प्रत्येक आपलें काम पूर्वीसारखेंच करीत राहिली, तर आपला कायदा त्याला शोध मानीत नाहीं, हेंही पाहून घ्यावें.

पेटंटाखेरीज दुसरा आधार विश्वासाचा. याविषयीं मुंबईच्या उच्च न्यायालयाचा २००३ सालचा एक निकाल प्रसिद्ध आहे. वस्तु नव्हे, दूरदर्शन मालिकेची कल्पना होती. पण न्याय लागू पडण्यासारखा आहे. सनडायल कम्युनिकेशन्स या संस्थेनें आपल्या मालिकेची आंखणी झी टेलिफिल्म्सपुढें मांडली होती, आणि पुढें तशीच मालिका निघत आहे असें दिसल्यावर ती न्यायालयांत गेली. नुसती कल्पना कोणाच्या मालकीची नसते हें खरें; परंतु ती पुरेशी विकसित करून, विश्वासानें म्हणून, दुसऱ्याला सांगितली असेल तर ऐकणाऱ्याला ती परस्पर वापरतां येत नाहीं, असें न्यायालयानें मानलें, व मनाईहुकूम कायम राहिला. तिला उपयोगी पडलें तें काय? मांडणी लेखी होती, नोंदलेली होती, आणि केव्हां कोणाला दिली हें दाखवितां येत होतें. 

परंतु मोठ्या कंपन्याही शहाण्या असतात. पुष्कळ ठिकाणीं बाहेरच्या माणसाची कल्पना पाहण्यापूर्वींच त्याच्याकडून असें लिहून घेतात कीं, हें मी गुप्त म्हणून सांगत नाहीं, आणि माझा हक्क असेल तर तो पेटंटापुरताच. वाचून राग येतो. पण त्यांच्या बाजूनेंही कारण आहे. त्यांचेच इंजिनियर तोच विचार दोन वर्षें करीत असले, तर उद्यां हा पाहुणा चोरीचा आळ घेईल, ही भीति त्यांना असते. असा कागद पुढें आला तर सहीपूर्वीं अर्ज दाखल झाला आहे ना, एवढें पाहावें. झाला नसेल तर चहा घेऊन परत यावें.

भेटींत काय बोलावें? वस्तु काय करते, कोणाची कोणती अडचण दूर करते, आज तो मनुष्य त्या अडचणीसाठीं किती पैसे खर्च करतो, आणि आपण किती जणांना ती वापरावयास दिली, हें सगळें आंतलें गुपित न उघडतां सांगतां येतें. कशी करते, हें दुसऱ्या भेटीसाठीं ठेवावें. चालता नमुना असावा, व तो पाहणाऱ्याच्या हातीं देतां यावा. आपल्या रुमालाचे चाळे त्याला दिसूं नयेत. ज्याच्या खात्याचें त्यावांचून अडलें आहे अशा माणसाला भेटावें. अध्यक्षांच्या नांवानें पाठविलेलें पत्र बहुधा कायदा खात्याच्या कपाटांत जाऊन पडतें.

आणि देवघेवीचें बोलणें निघालें तर एका कलमाविषयीं आग्रह धरावा. कंपनी पुष्कळदां हक्क घेते आणि वस्तु करीतच नाहीं. आपल्या जुन्या मालाला ती अडचणीची होईल म्हणून तिला फळीवर ठेवून देते. तेव्हां अमुक वर्षांत वस्तु बाजारांत आली नाहीं तर हक्क आपल्याकडे परत यावेत, आणि खप होवो न होवो, दरसाल अमुक इतकी रॉयल्टी मिळावी, असें करारांत लिहून घ्यावें. एकरकमी पैसे घेऊन मोकळें व्हावें कीं टक्क्यांवर राहावें, हें घरच्या स्थितीवर अवलंबून आहे. मुलीचें शिक्षण किंवा घराचे हप्ते दारांत उभे असतील तर एकरकमी घेणाऱ्याला मी नांवें ठेवणार नाहीं. टक्क्यांचा पैसा येतो तो उशिरां. कार्लसनला खरी संपत्ति हातीं आली तेव्हां त्यानें पन्नाशी ओलांडली होती. पहिला संसार तर पायपिटीच्या वर्षांतच मोडला होता. १९६८ सालीं तो वारला, त्यापूर्वीं त्या पैशांतील बराच मोठा भाग त्यानें देऊन टाकला होता, आणि पुष्कळ ठिकाणीं देणाऱ्याचें नांव कळूं दिलें नव्हतें.